याद्या काढा खुशाल, पण घोड्याच्या वैरणीचं पण लिहा की

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही जगातल्या दहा महान सेनापतींची यादी छापली होती. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर पेपर येतो तो आधी पैलवानांच्या हातात जातो आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यांकडं येईपर्यंत मधल्या पानाला भज्याचं तेल लागलेलं असतं, तर त्या तेलाच्या डागासकट मी ती यादी दोनदा वाचली. कट्ट्यावर त्यावरनं तासभर कालवा झाला. महाराज पाचव्या नंबरला कसे, चंगेजखान वर कसा, संताजी घोरपड्यांचं नाव कसं नाही, रोमशी लढणाऱ्या हानिबलनं आल्प्स डोंगर ओलांडला म्हणजे काय मोठा तीर मारला, आमच्या पोरांना विशाळगडाला नेऊन सोडा म्हणावं, वगैरे वगैरे. माझी तक्रार नंबराची नाहीच. कुणाला कितवा नंबर द्यायचा ते द्या. माझी तक्रार अशी की अख्खं पान भरून दहा सेनापती, दहा फोटो, दहा लढाया, आणि त्यात एका ओळीत पण कुणी लिहिलं नाही की या लोकांची माणसं खात काय होती आणि घोडी काय खात होती.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, म्हणजे फौजेला रसद पोचवणाऱ्या शाखेत, चोवीस वर्षं एमटी म्हणजे गाडीचा ड्रायव्हर होतो, हवालदार म्हणून पेन्शनला आलो. लोकांना वाटतं फौजी म्हणजे बंदूक, माझ्या हातात कायम स्टेअरिंग. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं लढाईत तुमचं काम काय, मी म्हणलं बटाटे पोचवायचं, तर ते जरा नाराजच झाले होते. पण साहेब, झोजी ला ही लडाखच्या वाटेवरची खिंड बर्फानं बंद व्हायच्या आत पलीकडच्या पोरांचं अख्ख्या हिवाळ्याचं रेशन, रॉकेल, औषधं, सगळं वर जावं लागतं, त्याला विंटर स्टॉकिंग म्हणतात, आणि एकदा खिंड बंद झाली की विसरलेली वस्तू विसरलीच. एका वर्षी माझ्याच गाडीत एक जेरीकॅन वरच्या थरात ठेवला होता, त्याचं झाकण ढिलं राहिलं, आणि खड्ड्याखड्ड्यातनं हेलकावत वर पोचेपर्यंत रॉकेल खालच्या आट्याच्या पोत्यात झिरपलं. सहा पोती. वर लंगरचा कुक होता साताऱ्याकडचा, त्यानं पोत्यात हात घातला, वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि काहीच बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

म्हणून मला त्या यादीतल्या नेपोलियनबद्दल बोलायचंय. तुमच्या लेखात लिहिलंय की रशियाच्या थंडीनं त्याला हरवलं. हे सगळेच लिहितात. आता हे बघा, तो १८१२ च्या जूनमध्ये नेमान नदी ओलांडून आत शिरला, आणि जूनच का, तर घोड्यांना वाटेत गवत मिळावं म्हणून, म्हणजे गडी त्या बाबतीत अडाणी नव्हता, गवत वाढायची वाट बघितली होती त्यानं. त्याच्यासोबत दीड लाखाच्या वर घोडी. घोड्याला दाणा-वैरण मिळून दिवसाला दहा किलोच्या आसपास तरी लागतं, म्हणजे नुसत्या दहा हजार घोड्यांना रोजचे शंभर टन, आमच्या थ्री टनर गाडीच्या हिशोबानं रोज चौतीस गाड्या, आणि त्याच्याकडं गाड्या होत्या त्या पण घोड्या-बैलांच्याच, म्हणजे वैरण नेणाऱ्यालाच वैरण पाहिजे. रस्ते चिखलाचे. मग घोड्यांनी शेतातलं हिरवं ओलं पीक खाल्लं, पोटशूळ उठला, वरनं पाऊस, आणि पहिल्या काही दिवसातच हजारो घोडी रस्त्याकडेला मरून पडली. घोडा गेला की तोफ ओढायला कोण नाही, पुढं टेहळणीला जायला कोण नाही, रेशन मागनं यायला मार्ग नाही. १४ सप्टेंबरला मॉस्कोत शिरला तेव्हा त्याच्याजवळ लाखभर माणूस उरला होता, निघताना खास त्याच्या हाताखालच्या मुख्य फौजेतच अडीच लाखाच्या आसपास होता. आणि तेव्हा बर्फ पडायला सुरवात पण झाली नव्हती. थंडीनं नंतर उरलेसुरले मारले एवढंच. सैन्य पोटावर चालतं हे वाक्य त्याच्याच नावावर खपवतात, आता तो ते म्हणला का नाही ते जाऊदे.

आता याच्या शेजारी महाराजांचं एक पत्र ठेवा. राज्याभिषेकाच्या आसपासचं आहे, चिपळूणजवळ मुक्कामाला असलेल्या घोडदळाच्या माणसांना लिहिलेलं. त्यात काय आहे सांगू? लढाईचा शब्द नाही. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवून दिलीय, ती आत्ताच वाटेल तशी उधळाल तर ऐन पावसात काय मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुम्ही गावात घुसाल, कोण कुणब्याचं धान्य आणेल, कोण भाकरी, कोण गवत, कोण लाकूडफाटा, कोण भाजी, आणि मग त्या गरीब लोकांना वाटेल की यांच्यापेक्षा मुघल बरे. आणि पुढं तर कमाल आहे. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला लागेल, गवत जळलं की घोडी गेली. उंदीर हो! एका राज्याचा धनी, ज्याच्यामागं आदिलशाही, मुघल, सिद्दी, सगळे लागलेत, तो उंदराचा विचार करतोय. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती सहा पोती आठवली आणि खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मला विचाराल तर माझ्या यादीत हे पत्र एका लढाईइतकं मोठं आहे, आणि ते तुम्ही एकदा अख्खं छापा, चौकटीत, यादीच्या जागी.

आमच्या कोल्हापूरच्या माणसाला पन्हाळा नवीन नाही. शनिवार-रविवार म्हणजे पिठलं-भाकरी, वारं खायचं, तीन दरवाजाला फोटो आणि घरी. पण अंबरखाना किती जण नीट बघतात? तीन कोठ्या आहेत, गंगा, यमुना, सरस्वती. नुसत्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य राहायचं म्हणतात. आत गेलं की भर उन्हात पण गार वाटतं, वर छताला झरोके, बाहेरनं जाड भिंती, आणि मला तिथं गेल्यावर कायम आमच्या डेपोचं गोडाऊन आठवतं, तसाच घुमणारा आवाज. मागच्या महिन्यात नातवाला घेऊन गेलो होतो, तर आत चारपाच पोरं रील काढत होती, एकाच्या हातात प्लास्टिकची तलवार. मी म्हणलं बाळांनो ही तलवारीची जागा नाही, ही जोंधळ्याची जागा आहे. हसली आणि मला बाजूला व्हा म्हणली, फ्रेममध्ये येत होतो म्हणे.

१६६० चा वेढा. सगळ्यांना पाठ आहे, मार्चमध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर आला, जुलैत आषाढी पौर्णिमेच्या रात्री महाराज निसटले, शिवा काशीद, बाजीप्रभू. त्यावर मी काय नवीन लिहिणार. पण एक गोष्ट लिहितो, ती कट्ट्यावर बोललो की लोक माझ्यावर धावून येतात. सिद्दी जौहर हा चांगला सेनापती होता. हो होता. आपल्याकडचा हिशोब असा होता की पाऊस आला की वेढा उठतो. आजपर्यंत उठतच आला होता, या भागातल्या पावसात बाहेर तंबूत राहायचं म्हणजे थट्टा नाही, तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर जुलैत एक रात्र पन्हाळ्यावर छत्री घेऊन उभं राहून बघा. त्या माणसानं छपरं घातली आणि भर पावसात वेढा चालू ठेवला. राजापूरच्या इंग्रजांकडनं लांब पल्ल्याच्या तोफा आणवल्या, आणि ते शहाणे आपलं निशाण फडकवत गडावर गोळे टाकत बसले. बाहेरनं नेताजी पालकरांनी वेढा फोडायचा प्रयत्न केला, नाही जमलं. म्हणजे समोर कोण लुंगासुंगा नव्हता. आणि म्हणूनच महाराजांचा निर्णय मोठा. अंबरखान्यात धान्य असताना निघाले ते. तिकडं पुण्यात शायिस्ताखान येऊन बसलेला, आणि राजाच गडावर अडकून पडला तर राज्य कोण सांभाळणार. मग सप्टेंबरात पन्हाळा चक्क आदिलशाहीला देऊन टाकला. देऊन टाकला! आमच्या पोरांना हे सांगितलं की पटत नाही, ‘आजोबा, देऊन कसा टाकतील’. अरे बाबा, दिला, आणि तेरा वर्षांनी, १६७३ च्या मार्चमध्ये कोंडाजी फर्जंदनं साठ माणसं घेऊन रात्रीत परत घेतला. आणि परत आल्यावर पहिली गोष्ट काय केली तर शेजारचा डोंगर जो मोकळा होता त्यावर पावनगड बांधला.

ही शेजारच्या डोंगराची गोष्ट जरा धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

पन्हाळा ते पावनखिंड मी सहा वेळा चाललोय, दोनदा साठी ओलांडल्यावर. मसाई पठारावर धुकं असं असतं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही, पाय घोट्यापर्यंत रुततो, करपेवाडीच्या पुढं जळवा लागायला लागतात. आमच्याकडं बॅटऱ्या, रेनकोट, रस्त्यात गावकरी चहा देतात, तरी दोन दिवस लागतात. ते लोक रात्रीतनं, पालखी खांद्यावर, मागं जौहरकडच्या सिद्दी मसूदचे घोडेस्वार. पण इथं पण माझं लक्ष कुठं जातं बघा, विशाळगडाच्या पायथ्याला आदिलशाहीच्या बाजूच्या सुर्वे आणि दळव्यांचा वेढा होता, तो फोडून वर जायचं होतं. म्हणजे रात्रभर पळून दमलेल्या माणसांना शेवटी लढाईच होती. आणि बाजीप्रभूंनी खिंड निवडली ती अशी की समोरच्याला संख्येचा उपयोगच होऊ नये. जागा बघून माणसं ठेवली. ट्रेकमध्ये जी पोरं स्पीकर घेऊन येतात त्यांना त्या जागेवर दोन मिनिटं गप्प उभं केलं ना, तर कळेल त्यांना खिंड म्हणजे काय. असो.

आता औरंगजेब. तुमच्या यादीत नाही, पण साम्राज्य वाढवणाऱ्यांच्या चौकटीत त्याचा फोटो होता. त्याची कथा आमच्याच जिल्ह्यातली आहे आणि ती तुम्ही घ्यायला पाहिजे होती. १७०० च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराराणींचं वय पंचवीसच्या आसपास, पदरात लहान मुलगा, आणि बादशहा स्वतः किल्ले घेत फिरतोय. बाईंनी काय केलं? किल्ला पावसापर्यंत झुंजवायचा, बादशहाचा पैसा, माणूस, वेळ सगळं खर्चायला लावायचं, आणि मग अगदी शेवटाला पैसे घेऊन किल्ला सोडायचा. तो पुढं गेला की किल्ला परत आपला. तोपर्यंत मराठ्यांच्या फौजा त्याच्या मुलखात खंडण्या गोळा करतायत. विशाळगडाला तो १७०१ च्या डिसेंबरात वेढा घालून बसला, जूनमध्ये दोन लाख रुपये मोजून गड मिळवला, नाव बदलून सख्खरलाना ठेवलं, आणि परत फिरला तेव्हा आमचा पाऊस सुरू झाला होता.

विशाळगड ते पन्हाळा. तीस मैल. अडतीस दिवस लागले साहेब, अडतीस! आज मलकापूरवरनं गाडीनं दीड-दोन तास. हत्ती चिखलात रुतले, ओढे भरून वाहायला लागले, तंबू भिजलेले, सरपण ओलं, जनावरं मेली, दाणा नाही, दिवसाला मैल पण सरकत नव्हते. मी त्या रस्त्यानं जुलैत ट्रक नेलाय. आंबा घाटाच्या बाजूला एकदा एका ओढ्याशी अडकलो तर रात्रभर क्लीनर आणि मी केबिनमध्ये शेंगदाणे खात बसलो होतो, पहाटे पाणी उतरलं. एक गाडी आणि दोन माणसं, तरी जीव मेटाकुटीला. त्या बादशहाकडं अख्खं शहर सोबत होतं, बाजारबुणगे, जनानखाना, कचेऱ्या. हिंदुस्थानातली सगळ्यात श्रीमंत फौज, आणि तिला आमच्या शाहूवाडीच्या पावसानं चिखलात बसवलं. पाच वर्षांनी नगरला मेला तो. कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा, पुढचे दोन्ही पाय उचललेला घोडा, सगळे त्याच्या तोलाचं कौतुक करतात, ते आहेच, पण त्या पुतळ्याखाली कुणीतरी हे अडतीस दिवस लिहायला पाहिजेत असं मला तिथं सिग्नलला थांबलो की दरवेळी वाटतं.

संताजींवर मात्र मी कट्ट्यावरच्या पोरांच्या बाजूनं आहे, यादीत पाहिजेच होते. सेनापती कापशी म्हणलं की आता लोकांना चप्पल आठवते, पण ते गाव कुणामुळं सेनापती कापशी हे विचारा. १६९५ च्या नोव्हेंबरात कर्नाटकात चित्रदुर्गाकडं दोड्डेरीला जे झालं ते मला वाटतं जगातल्या कुठल्याही मिलिटरी शाळेत शिकवावं. कासिमखान औरंगजेबाचा मोठा सरदार, मोठा लवाजमा, त्याची पद्धत अशी की मुक्कामाचे तंबू आधीच पुढं पाठवायचे, त्याला पेशखाना म्हणायचे. संताजींनी फौजेच्या तीन तुकड्या केल्या. एक तुकडी पहाटे पुढं गेलेल्या तंबूंवर पडली. कासिमखानाला बातमी लागली, तो तंबू वाचवायला धावला, वाटेत दुसरी तुकडी उभी. तिथं झुंज लागल्यावर राखीव ठेवलेली तिसरी तुकडी मागं राहिलेल्या त्याच्या छावणीवर गेली आणि सगळं सामान उचललं. म्हणजे आता खानाकडं पुढचे तंबू नाहीत, मागचा दाणागोटा नाही, मधे नुसती माणसं. ती पळत दोड्डेरीच्या गढीत शिरली, तिथं एवढ्यांना पुरेल असं काय असणार, आणि संताजी बाहेर बसून राहिले. जनावरांनी छपराचं गवत खाल्लं. कासिमखान अफूचा व्यसनी, अफू मिळेना, तो तिथंच मेला. राहिलेल्यांनी वीस लाख खंडणी कबूल करून जीव वाचवला. बघा, पहिला घाव कशावर? तंबूवर. आमच्या कोअरवाल्या माणसाला हे वाचून घाम फुटतो, कारण त्या पेशखान्यात आमच्यासारखेच लोक असणार, खुंटे मारणारे, चुली मांडणारे.

पुढं दीडदोन वर्षात आपल्याच लोकांच्या भांडणात संताजी मारले गेले. त्यावर मला लिहवत नाही.

आता जरा नाजूक विषय, नेसरी. दरवर्षी आम्ही जातो, फुलं वाहतो, सात घोडेस्वार, वेडात दौडले म्हणतात, अंगावर काटा येतो आणि यायलाच पाहिजे. प्रतापराव गुजरांच्या निष्ठेबद्दल बोलायची माझी लायकी नाही. पण सेनापती म्हणून प्रतापराव मला नेसरीत दिसत नाहीत, उमराणीला दिसतात. १६७३ ला उमराणीजवळ, जतच्या बाजूला, आदिलशाहीच्या बहलोलखानाची फौज त्यांनी कोंडली ती पाणी तोडून. एप्रिलचं ऊन, तो भाग तुम्हाला माहितीच आहे, माणसं-जनावरं तहानेनं कासावीस, खान शरण आला. अशी लढाई जिंकायला किती अभ्यास लागतो, कुठली विहीर, कुठला तलाव, कोण राखणार. मग दया येऊन त्याला सोडला, महाराज रागावले, तो खान परत चालून आला, आणि २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत ते मागं फौज न घेता सहा जणांबरोबर तुटून पडले. राज्याभिषेक तीनचार महिन्यावर आणि राज्याचा सरसेनापती गेला. शौर्य म्हणून सातही जणांना मुजरा. पण शाळेत पोरांना नेसरी सांगताना त्याच्या आधीचं उमराणीचं पाणी कोणच सांगत नाही, याचा मला राग येतो.

पाण्यावरनं आठवलं, पालखेड पण तेच. १७२८, बाजीरावांनी निजामाला एवढा फिरवला, एवढा फिरवला, की तो मोठ्या तोफा मागं टाकून पळत आला आणि पालखेडला पाणी-दाणा तोडून त्याला बसवला. आपल्याकडं लगेच सांगतात इंग्रज सेनापती माँटगोमेरीनं कौतुक केलंय. केलंय की, पण इंग्रजाचं सर्टिफिकेट आल्याशिवाय आपला माणूस मोठा होत नाही का? आणि एक गंमत, त्या वेळी निजामाच्या बाजूला आमचे कोल्हापूरचे संभाजी महाराज होते. हे सांगितलं की आमच्या कट्ट्यावर एकदम शांतता पसरते आणि कोणतरी चहा सांगतं.

आणि त्याच पेशव्यांच्या घरातले सदाशिवराव भाऊसाहेब तेहेतीस वर्षांनी पानिपतला उलट्या बाजूला सापडले. अब्दाली बागपतला यमुना ओलांडून मधे आला, दक्षिणेकडची वाट बंद, रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी तोंडं जास्त, यात्रेकरू पण त्यात. १४ जानेवारीला माणसं बाहेर पडली ती उपाशी. विश्वासराव पडले, हत्ती रिकामा दिसला, होळकर निघाले, यावर आपण अडीचशे वर्षं भांडतोय. मला विचाराल तर आदल्या दोन महिन्यात ते ठरलं होतं, ज्या दिवशी छावणीतला जोंधळा संपला त्या दिवशी.

हानिबलचं पण थोडक्यात तेच. इसवी सनापूर्वी २१६ ला कॅनीला त्यानं रोमची अख्खी फौज वेढून कापली, एका दिवसात पन्नास हजाराच्या आसपास माणूस, आजही नकाशे काढून शिकवतात. युद्ध मात्र हरला. कारण फेबियस नावाचा एक म्हातारा रोमन आधीच सांगत होता की याच्याशी मैदानात लढूच नका, नुसतं मागं मागं राहा, याची रसद तोडा. रोममध्ये त्याला चालढकल करणारा म्हणून हसले, कॅनीनंतर गपगुमान त्याचंच ऐकलं. तो फेबियस यादीत नाही. माझ्या मते पाहिजे. लढाई टाळून वाट बघणाऱ्या माणसाचा पुतळा कोण उभा करत नाही, हा त्याचा दोष नाही.

आता ती डोंगराची गोष्ट. गगनबावड्याचे रामचंद्रपंत अमात्य, त्यांच्या आज्ञापत्रात गड कसा असावा हे लिहिलंय, की गडासमोर दुसरा डोंगर असू नये, असलाच तर सुरुंगानं फोडून काबूत आणावा, ते पण जमत नसेल तर तो मोकळा न सोडता बांधून घ्यावा. ही अक्कल फ्रेंचांना १९५४ ला नव्हती. व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फू नावाच्या खोऱ्यात ते तळाशी विमानतळ धरून बसले, चहूबाजूंनी डोंगर, आणि हिशोब असा की जंगलातनं एवढ्या वर तोफ कोण आणणार. व्हिएतनामी जनरल झापनं आणल्या. माणसांनी दोर लावून ओढून. रेशन सायकलीवरनं, म्हणजे सायकलवर बसून नाही, सायकलला बांबू बांधून दोनदोनशे किलो लादायचं आणि ढकलत न्यायचं, हजारो माणसं. आणि जानेवारीत सगळं तयार असताना, हल्ला तोंडावर आलेला असताना, झाप म्हणला थांबा, तयारी पुरी नाही. चढवलेल्या तोफा परत उतरवायला लावल्या! विचार करा, त्या दोर ओढणाऱ्यांना हे सांगायचं. तो स्वतः म्हणायचा की आयुष्यातला सगळ्यात अवघड निर्णय तो. मग मार्चमध्ये सुरू केलं आणि ७ मेला फ्रेंच शरण आले. हा झाप तुमच्या यादीत दहावा आहे, आणि त्याच्याबद्दल लिहिलंय काय तर ‘गनिमी काव्याचा उपासक’. त्या एका लढाईत गनिमी कावा कुठं होता? वेढा होता तो, तोफखान्याचा आणि सायकलीचा.

आणि ते व्हॉट्सॲपवरचं, व्हिएतनामच्या मंत्र्यानं महाराजांच्या समाधीची माती नेली म्हणून, ते कृपा करून पेपरात आणू नका. त्या मेसेजला ना आगा ना पिछा. महाराजांना मोठं करायला असल्या थापांची गरज नाही, ते उंदराचं पत्र बास आहे.

कुणाला वाटेल म्हातारा रेशन रेशन करतोय. २०१९ चा महापूर आठवा. आमच्या शुक्रवार पेठेत पाणी, शिरोलीला हायवे बंद, आणि चारपाच दिवसात काय झालं? दुधाच्या गाड्या येईनात, भाजी नाही, पेट्रोल फक्त ॲम्ब्युलन्स आणि बचावकार्याच्या गाड्यांना. एवढं मोठं शहर, गुळाचं, दुधाचं, सगळ्यांना खायला घालणारं, एका रस्त्यावर टांगलेलं. तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं तिसऱ्या दिवशी माळ्यावरनं शेंगदाणे, गूळ आणि नाचणीच्या पिठाचा डबा काढला, आणि पाचसहा घरं त्यावर निघाली. ‘पावसाळ्याचं ठेवायला लागतंय बाबा’ म्हणली, दुसरं काय नाही. मी तिला सॅल्यूट केला तर लाजली.

तर माझी मागणी एवढीच. पुढच्या रविवारी ते चिपळूणच्या छावणीचं पत्र छापा, जुन्या मराठीत आणि खाली आत्ताच्या मराठीत. सोबत अंबरखान्याचा आतला फोटो टाका, बाहेरचा सगळ्यांकडं आहे. आणि ज्या पोरानं ती यादी केली त्याला एकदा जुलैत इकडं पाठवा, मी त्याला मसाई पठारावर चालवतो, येताना भिजलेली काडेपेटी आणि ओलं सरपण घेऊन त्यानं आम्हाला चहा करून दाखवायचा. पत्ती-साखर मी आणतो, कोरडी राहिली तर.

नाव छापू नका, कट्ट्यावरची पोरं आधीच मला बटाटे हवालदार म्हणतात.

आपला एक जुना वाचक,
रिटायर्ड हवालदार,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर